लॅपटॉपवर चालतंय, सर्व्हरवर ‘मॉड्यूल नॉट फाउंड’: फाइलच्या नावातल्या कॅपिटल-स्मॉलचा घोळ

लॅपटॉपवर प्रोजेक्ट व्यवस्थित बिल्ड होतो, म्हणजे कोडवरून चालवण्याजोगं ॲप तयार होतं. गिटनं (कोडमधल्या बदलांच्या नोंदी ठेवणारं साधन) कोड वर पुश केला, सर्व्हरनं बिल्ड घ्यायला सुरुवात केली, की लाल ओळ येते: ‘मॉड्यूल नॉट फाउंड, कान्ट रिझॉल्व्ह’, आणि पुढे तुमच्याच फाइलचं नाव. फाइल तर डोळ्यांसमोर आहे. फोल्डर उघडलं की दिसते, व्हीएस कोड या एडिटरमध्ये नावावर क्लिक केलं की उघडते. मग नोड मॉड्यूल्सचं फोल्डर उडवून पुन्हा इन्स्टॉल होतं, कॅशे साफ होतो, जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडचं व्हर्जन बदलून पाहिलं जातं, आणि ती ओळ जागची हलत नाही.

सोलापुरात हा प्रश्न मला वर्षभर कुणी ना कुणी विचारत असतं, आणि फायनल इयरच्या सबमिशनच्या दिवसांत तर रांगच लागते. आपल्याकडची मांडणीच तशी आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये विंडोज, घरच्या लॅपटॉपवर विंडोज, होटगी रोडच्या किंवा सात रस्त्याजवळच्या छोट्या ऑफिसांतही विंडोज. टीममधला एखादा पुण्याला नोकरीला लागलेला असतो, त्याच्याकडे मॅक. आणि प्रोजेक्ट शेवटी जिथे चालायचा तो सर्व्हर मात्र लिनक्स. बिचारी पोरं येतात आणि म्हणतात, “सर, माझ्याकडं चालतंय की! सर्व्हरलाच काहीतरी झालंय बघा.” सर्व्हरला काही झालेलं नसतं. तो फक्त नाव अक्षरशः वाचतो.

पुढे जिथे अक्षराची केस, म्हणजे ते कॅपिटल की स्मॉल, महत्त्वाची आहे तिथे मी ‘कॅपिटल पी’, ‘स्मॉल पी’ असं स्पष्ट लिहिलंय. कमांड देवनागरीत दिल्यात, टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टाइप करायच्या.

आधी खात्री करा की दुखणं हेच आहे

एररमध्ये आलेला पाथ जसाच्या तसा कॉपी करून एका वहीत किंवा नोटपॅडमध्ये ठेवा. आता ब्राउझरमध्ये गिटहबवर तुमचा रेपो (प्रोजेक्टचं गिटमधलं भांडार) उघडा आणि त्या फाइलपर्यंत फोल्डरं उघडत जा. प्रत्येक फोल्डरचं नाव, फाइलचं नाव आणि एक्स्टेन्शन त्या पाथशी अक्षर-अक्षर ताडून बघा. एक्स्प्लोररमध्ये किंवा व्हीएस कोडच्या डाव्या पट्टीत बघू नका, तिथे दिसणारं नाव या तपासणीत उपयोगाचं नाही. का, ते आता सांगतो.

एकाच फाइलचं नाव तीन ठिकाणी असतं. एक तुमच्या कोडमध्ये, इम्पोर्टच्या म्हणजे दुसरी फाइल मागवणाऱ्या ओळीत. दुसरं तुमच्या डिस्कवर. तिसरं गिटच्या इंडेक्समध्ये, म्हणजे गिटनं स्वतःजवळ नोंदवून ठेवलेलं. सर्व्हर तुमची डिस्क कधीच बघत नाही. त्याच्यापर्यंत पहिलं आणि तिसरं पोचतं, आणि ती दोन जुळली नाहीत की बिल्ड पडतो. तुम्ही मात्र दिवसभर पहिलं आणि दुसरं बघत बसता, आणि ती दोन जुळत नसली तरी विंडोज चालवून घेतो. म्हणून हा दोष तुमच्या मशीनवर कितीही शोधला तरी हाती लागत नाही.

टर्मिनलवरूनही तिसरं नाव बघता येतं. गिट बॅश उघडून ‘गिट एलएस-फाइल्स’ चालवा आणि त्याचं आउटपुट ‘ग्रेप -आय’ला देऊन नावाचा तुकडा शोधा. जे छापून येईल तेच सर्व्हरवर जातं.

असं का होतं

लिनक्सवरची नेहमीची फाइल सिस्टिम, ईएक्सटी४ किंवा एक्सएफएस, नावाकडे नुसते बाइट म्हणून बघते. कॅपिटल पीचा बाइट वेगळा, स्मॉल पीचा वेगळा, त्यामुळे त्या दोन फाइली वेगळ्या. युनिक्सपासून हेच चालत आलंय. विंडोजची एनटीएफएस नाव जसं दिलं तसं जपून ठेवते, पण शोधताना विंडोज केस बघत नाही. डॉसच्या काळात नावं आठ अधिक तीन अक्षरांची आणि सगळी कॅपिटलमध्ये साठवलेली असत, त्या सवयीचा हा वारसा. मॅकवर आधी एचएफएस प्लस होती, २०१७ पासून एपीएफएस आली, पण दोन्हींचा डीफॉल्ट विंडोजसारखाच: केस जपायची, पण शोधताना बघायची नाही. मॅक आतून युनिक्स आहे म्हणून त्यावर हा त्रास होणार नाही, असं समजणारे बरेच भेटतात. होतो, अगदी तसाच होतो.

आणि या दोन जगांच्या मध्ये गिट उभं आहे. गिट मुळात लिनक्स कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) कामासाठी २००५ मध्ये लिहिलं गेलं, त्यामुळे त्याच्या लेखी नाव म्हणजे बाइटच. पण रेपो क्लोन करताना (उतरवून घेताना) किंवा इनिट करताना (नवा सुरू करताना) गिट तुमची डिस्क तपासून बघतं, आणि ती केस बघत नसेल तर ‘कोअर डॉट इग्नोअरकेस’ ही सेटिंग ट्रू करून ठेवतं. तेव्हापासून तुम्ही एक्स्प्लोररमध्ये जाऊन नुसती केस बदललीत तर गिटला त्यात काही बदललेलं दिसत नाही. ‘गिट स्टेटस’ स्वच्छ. इंडेक्समध्ये जुनंच नाव. सगळ्या घोळाचं मूळ या एका जागी आहे.

टॉवेलच्या कॅटलॉगवर झालेला प्रकार

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यासाठी तरुण मुलांच्या टीमनं रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत कॅटलॉग साइट केली होती. टेरी टॉवेल, नॅपकिन, जॅकार्ड चादरी, प्रत्येकाचं एक कार्ड. कार्डाची फाइल आधी ‘प्रॉडक्टकार्ड डॉट जेएसएक्स’ नावानं बनवली, सगळी अक्षरं स्मॉल. नंतर कुणीतरी सांगितलं की रिॲक्टमध्ये कंपोनंटच्या (साइटच्या एका भागाच्या) फाइलचं पहिलं अक्षर कॅपिटल ठेवतात. म्हणून एकानं एक्स्प्लोररमध्ये एफ-टू दाबून पी आणि सी कॅपिटल केले, इम्पोर्टच्या ओळीही बदलल्या, कमिट केलं (म्हणजे गिटमध्ये नोंद केली), पुश केलं. कमिटमध्ये गेल्या फक्त इम्पोर्टच्या बदललेल्या ओळी. फाइलचं नाव गिटमध्ये स्मॉलच राहिलं. सर्व्हरवर कोड कॅपिटल पी मागतोय आणि तिथे आहे स्मॉल पी.

यावर त्यांनी फाइल पुन्हा स्मॉल केली, मग पुन्हा कॅपिटल, मध्ये फाइलीत एक रिकामी ओळ टाकून कमिट केलं. रिकाम्या ओळीचा बदल गेला, पण इंडेक्समधल्या जुन्या नावाखालीच. मजकूर बदलला तरी गिट नोंदलेलं नाव सोडत नाही, हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं.

उपाय एका ओळीचा आहे. नाव बदलायचं ते गिटकडून बदलून घ्यायचं: ‘गिट एमव्ही’, पुढे जुनं नाव, पुढे नवं नाव. एका फाइलसाठी आजचं गिट हे सरळ करतं, डिस्कवर तुम्ही आधीच नाव बदललेलं असलं तरी. मग ‘गिट स्टेटस’मध्ये ‘रीनेम्ड’ असं दिसलं पाहिजे. ते दिसेपर्यंत कमिट करू नका.

फोल्डरच्या बाबतीत मात्र विंडोज आणि मॅकवर हीच कमांड बऱ्याचदा अडते आणि ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ म्हणते. तिथे दोन पावलं टाका:

गिट एमव्ही कंपोनंट्स कंपोनंट्स-तात्पुरतं
गिट एमव्ही कंपोनंट्स-तात्पुरतं कंपोनंट्स

पहिल्या ओळीत सुरुवातीचं नाव जुन्या केसमध्ये, दुसऱ्या ओळीत शेवटचं नाव हव्या त्या केसमध्ये. दोन्ही झाल्यावर एकच कमिट करा, तात्पुरतं नाव इतिहासात जायला नको.

नावं फारच विस्कटलेली असतील तर सगळा इंडेक्स नव्यानं भरता येतो. आधी हातातलं सगळं काम कमिट करून ठेवा. मग ‘गिट आरएम -आर --कॅश्ड’ आणि पुढे एक टिंब, त्यानंतर ‘गिट ॲड’ आणि टिंब. पहिली कमांड फाइली डिस्कवरून काढत नाही, फक्त गिटच्या नोंदीतून काढते. दुसरी डिस्कवरची आत्ताची नावं घेऊन नव्यानं नोंदवते. कमिट करण्याआधी ‘गिट स्टेटस’ नीट वाचा. रीनेमशिवाय दुसरं काही दिसायला लागलं, विशेषतः डिलीटेड, तर थांबा आणि आधी ती फाइल गिटइग्नोअरमध्ये, म्हणजे गिटनं दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीत, आहे का ते बघा.

नेटवर शोधलंत तर आणखी एक सल्ला हमखास मिळेल: ‘कोअर डॉट इग्नोअरकेस’ फॉल्स करा. करू नका. ही सेटिंग डिस्क कशी आहे त्याची नोंद आहे, डिस्क कशी असावी याचा हुकूम नाही. विंडोजवर ती फॉल्स केली की गिट समजतं दोन्ही केसच्या फाइली वेगळ्या असू शकतात, आणि एकाच फाइलच्या दोन नोंदी इंडेक्समध्ये बसतात. गिटच्या माहितीपत्रातही ही किंमत हातानं बदलू नये असा इशारा आहे. मी ज्यांना ही सेटिंग बदललेली पाहिली त्यांच्या रेपोत पुढे दुप्पट निस्तरावं लागलं.

दोन्ही नावं रेपोत असतील तर

दोघं वेगवेगळ्या ब्रँचवर (कोडच्या समांतर प्रतींवर) काम करतात. एकानं ‘कंपोनंट्स’ फोल्डर स्मॉल सीनं काढलं, दुसऱ्यानं कॅपिटल सीनं. मर्ज झालं, दोन्ही प्रती एकत्र आल्या. विंडोजवर एकच फोल्डर दिसतं, त्यात सगळ्या फाइली गुण्यागोविंदानं नांदतात. लिनक्सवर दोन फोल्डरं असतात, अर्ध्या फाइली इकडे आणि अर्ध्या तिकडे. एररमध्ये कधी ही फाइल सापडत नाही, कधी ती. गिटहबवर बघितलंत तर दोन्ही फोल्डरं सरळ दिसतात, म्हणूनच वर तिथे बघायला सांगितलं.

फाइलींच्या जोड्या शोधायच्या तर गिट बॅशमध्ये ‘गिट एलएस-फाइल्स’चं आउटपुट ‘सॉर्ट -एफ’ला आणि तिथून ‘युनिक -डीआय’ला द्या. काही छापून आलं तर ती टक्कर. फोल्डरांसाठी सुरुवातीला ‘गिट एलएस-ट्री -आर -डी --नेम-ओन्ली हेड’ वापरा, पुढचं तेच. नवं गिट क्लोन करतानाच इशारा देतं की काही पाथ एकमेकांवर आदळलेत आणि त्यातला एकच डिस्कवर उतरवलाय. हा इशारा वाचायची सवय ठेवा. तो दिसला याचा अर्थ तुमच्या डिस्कवरचा कोड अपुरा आहे.

यातली प्रत्येक जोडी चूकच असते असं नाही. लिनक्स कर्नलच्या नेटफिल्टर या, नेटवर्कची पॅकेट गाळणाऱ्या विभागात ‘एक्सटी अंडरस्कोअर टीसीपीएमएसएस डॉट सी’ नावाच्या दोन फाइली आहेत. एकीत टीसीपीएमएसएस स्मॉल, ती पॅकेटमधली एमएसएसची (एका वेळी जास्तीत जास्त किती डेटा, त्याची) किंमत जुळते का ते बघते. दुसरीत कॅपिटल, ती ती किंमत बदलते. तिथला रिवाजच तसा आहे: तपासणारं स्मॉल, कृती करणारं कॅपिटल. ज्यांना कर्नलचा अभ्यास करायचाय त्यांनी तो विंडोजच्या सी ड्राइव्हवर क्लोन करूच नये. डब्ल्यूएसएल-टूच्या, म्हणजे विंडोजमध्ये चालणाऱ्या लिनक्सच्या आत, होम फोल्डरमध्ये करावा.

एरर न देता होणारी भानगड

वरचे सगळे दोष किमान ओरडून तरी सांगतात. एक प्रकार असा आहे की तो विंडोजवरच, काही न बोलता घात करतो. कार्टची फाइल आहे. एका कंपोनंटनं ती कॅपिटल सीनं इम्पोर्ट केली, दुसऱ्यानं स्मॉल सीनं. विंडोज दोन्ही वेळा तीच फाइल काढून देतो. पण नोड आणि वेबपॅक (फाइली एकत्र बांधणारं साधन) मॉड्यूल ओळखतात ते पाथच्या अक्षरांवरून, आणि अक्षरं वेगळी म्हणजे मॉड्यूल वेगळं. फाइल एक, पण ती दोनदा लोड झाली, आत ठेवलेली स्टेट (चालू माहिती) दोन झाली. वस्तू एका कार्टमध्ये पडते आणि स्क्रीन दुसरं कार्ट वाचते. कॉन्टेक्स्ट रिकामा येतो, लॉगिन झालेलं असूनही यूजर नल दिसतो. कोड शंभरदा वाचला तरी चूक दिसत नाही, कारण तर्कात खरंच चूक नाही, आहे ती इम्पोर्टमधल्या एका अक्षरात.

वेबपॅक अशा वेळी ‘नावांत फक्त केसिंगचा फरक असलेली अनेक मॉड्यूल्स आहेत’ या अर्थाची वॉर्निंग देतो. पिवळ्या रंगातली म्हणून ती सगळे पुढे सरकवतात. टाइपस्क्रिप्ट वापरत असाल तर ‘फोर्स कन्सिस्टंट केसिंग इन फाइल नेम्स’ हा पर्याय हेच पकडतो. टाइपस्क्रिप्ट ५.० पासून, म्हणजे २०२३ पासून, तो आपोआप चालू असतो. जुन्या प्रोजेक्टच्या टीएसकॉन्फिगमध्ये कुणी फॉल्स करून ठेवलाय का, तेवढं बघा. साध्या जावास्क्रिप्टसाठी कोड तपासणाऱ्या ईएसलिंटच्या इम्पोर्ट प्लगइनमधला ‘नो-अनरिझॉल्व्ह्ड’ नियम केससकट तपासतो.

फोटो

बिल्ड यशस्वी, साइट सुरू, आणि अर्ध्या चादरींचे फोटो गायब. कापडाच्या धंद्यातल्या साइटवर हे इतक्या वेळा होतं की याला वेगळी जागा द्यायलाच हवी.

कॅमेऱ्यातून आलेल्या फोटोचं एक्स्टेन्शन बहुधा कॅपिटल जेपीजी असतं. कोडमध्ये आपण हातानं स्मॉल जेपीजी लिहितो. विंडोज एक्स्प्लोरर ओळखीची एक्स्टेन्शन मुळातच लपवतो, त्यामुळे फरक दिसायची सोयच नसते. आणि पब्लिक फोल्डरमधले फोटो बिल्ड करताना कुणी तपासत नाही, म्हणून एररही नाही. सर्व्हरवर थेट ४०४, म्हणजे ‘सापडलं नाही’. कारखान्यातून व्हॉट्सॲपवर आलेले फोटो आणखी पुढचे: नावात ‘व्हॉट्सॲप इमेज’, मग तारीख, मग वेळ, मध्ये स्पेस, शेवटी एएम-पीएम आणि जेपीजीऐवजी जेपीईजी. व्हॉट्सॲपमधला डब्ल्यू आणि मधला ए कॅपिटल, इमेजचा आय कॅपिटल. हे नाव हातानं टाइप करून चुकणार नाही असा माणूस विरळा.

एक्स्प्लोररच्या व्ह्यू मेनूतून ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू करा, कायमचं. साइटवर ब्राउझरचे डेव्हलपर टूल्स उघडून नेटवर्क टॅबमध्ये ४०४ शोधा, गायब फोटोंची यादी तिथेच मिळते. आणि फोटो प्रोजेक्टमध्ये टाकण्याआधीच नाव बदला: सगळं स्मॉल, स्पेसच्या जागी हायफन, एक्स्टेन्शन एकच. मालकाकडून फोटो घेतानाच हे करून ठेवलं तर नंतरचा सगळा ताप वाचतो.

भाषेभाषेचा स्वभाव

पीएचपीचं आपल्याकडे बरंच काम चालतं, म्हणून ते आधी. पीएचपीत क्लासच्या नावाची केस चालून जाते, त्यामुळे माणूस निर्धास्त असतो. पण पीएचपीची पॅकेजं सांभाळणाऱ्या कंपोजरचा पीएसआर-४ पद्धतीचा ऑटोलोडर क्लासच्या नावावरून फाइलचा पाथ बनवतो, आणि तो पाथ लिनक्सवर काटेकोरपणे शोधला जातो. म्हणून लॅरॅव्हल या पीएचपी फ्रेमवर्कमधला प्रोजेक्ट झॅम्पवर (लॅपटॉपवरच्या सर्व्हरवर) चालतो आणि होस्टिंगवर ‘क्लास नॉट फाउंड’ म्हणतो. ‘कंपोजर डंप-ऑटोलोड -ओ’ चालवा. पीएसआर-४ला न जुळणाऱ्या क्लासची नावं तो वॉर्निंगमध्ये सांगतो आणि त्यांना वगळतो, आणि त्या वॉर्निंगमधली नावं म्हणजेच तुमची दुरुस्तीची यादी.

आणि झॅम्पच्या बरोबरीनं डेटाबेसही याच खड्ड्यात पडतो. मायएसक्यूएलमध्ये ‘लोअर केस टेबल नेम्स’ ही सेटिंग लिनक्सवर ०, विंडोजवर १ आणि मॅकवर २ असते. विंडोजवर टेबलाचं नाव स्मॉल होऊनच साठतं आणि क्वेरीत कॅपिटल पीनं ‘प्रॉडक्ट्स’ लिहिलं तरी चालतं. तोच डंप (डेटाबेसची उतरवलेली प्रत) लिनक्सवर चढवला की ‘टेबल डझन्ट एक्झिस्ट’. मायएसक्यूएल ८ मध्ये ही सेटिंग डेटाबेस पहिल्यांदा उभा करतानाच देता येते, नंतर बदलता येत नाही. त्यामुळे तिच्या मागे लागू नका, क्वेरीतली नावं स्मॉल करा.

पायथननं या बाबतीत लवकर शहाणपण केलं. २००१ मधल्या २.१ पासून विंडोजवरसुद्धा इम्पोर्ट केस बघूनच होतो. पण ते फक्त इम्पोर्टपुरतं. ओपन फंक्शनला दिलेलं सीएसव्हीचं नाव विंडोज स्वतःच्या पद्धतीनंच शोधतो, त्यामुळे डेटा वाचताना सर्व्हरवर ‘फाइल नॉट फाउंड’ येतोच. सी प्लस प्लसवाल्यांनी विंडोजचं मुख्य हेडर कॅपिटल डब्ल्यूनं इन्क्लूड केलेलं असतं, लिनक्सवर मिनजीडब्ल्यू वापरून विंडोजसाठी कंपाइल करताना ते सापडत नाही, कारण तिथे हेडरांची नावं स्मॉल आहेत. क्लँग कंपायलरमध्ये याची वॉर्निंग आहे. आयफोनचं ॲप करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की सिम्युलेटर मॅकच्या डिस्कवर चालतो आणि खरा फोन केस बघतो. सिम्युलेटरवर दिसलेला फोटो फोनवर दिसेलच असं नाही. अँड्रॉइडनं रिसोर्स फाइलींच्या नावात स्मॉल अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर याशिवाय काही चालूच द्यायचं नाही असं ठरवून टाकलं. मुलांना सुरुवातीला तो नियम जाचक वाटतो. माझ्या मते तोच सगळ्यांत शहाणा नियम आहे.

नावं देवनागरीत ठेवली तर कॅपिटल-स्मॉलचा प्रश्नच उरत नाही, असं काहींना सुचतं. पण तिथे दुसरी अडचण आहे. ‘कोऱ्या-चादरी’ नावाची पीडीएफ घ्या. त्यातला ऱ्या तीन तऱ्हांनी साठू शकतो: ऱचा स्वतंत्र कोड वापरून, र आणि खाली नुक्ता जोडून, किंवा र, हलंत आणि न दिसणारा जोडक वापरून. स्क्रीनवर तिन्ही सारखे, लिनक्सला तीन वेगळी नावं. मॅकची जुनी एचएफएस प्लस तर ऱचे दोन तुकडे करूनच ठेवायची, म्हणून गिटमध्ये मॅकसाठी ‘कोअर डॉट प्रीकम्पोज युनिकोड’ ही वेगळी सेटिंग आहे. वाचकाला डाउनलोडसाठी देवनागरी नाव द्या, अवश्य द्या. सोर्स कोडच्या झाडात मात्र साधी रोमन स्मॉल अक्षरंच बरी.

पुन्हा होऊ नये म्हणून

बिल्ड केस बघणाऱ्या मशीनवर मर्जच्या आधी झाला पाहिजे. बाकी सगळे उपाय याच्या मागून येतात. गिटहब ॲक्शन्समध्ये (बिल्ड आपोआप चालवायच्या सोयीत) ‘उबंटू-लेटेस्ट’ या लिनक्सवर एक छोटा वर्कफ्लो लावा, प्रत्येक पुल रिक्वेस्टला (मर्जच्या विनंतीला) इन्स्टॉल आणि बिल्ड. एवढ्यानं बहुतेक प्रकरणं डेप्लॉयच्या रात्रीऐवजी भर दुपारी उघडकीला येतात. प्री-कमिट हे साधन वापरणाऱ्यांसाठी ‘चेक-केस-कॉन्फ्लिक्ट’ नावाचा तयार हुक, म्हणजे कमिटआधी आपोआप चालणारी तपासणी, आहे, तो टक्कर होणारी नावं कमिटमध्ये शिरू देत नाही.

स्वतःच्या मशीनवर लिनक्ससारखंच वातावरण हवं असेल तर विंडोजवर डब्ल्यूएसएल-टू. प्रोजेक्ट त्याच्या आतल्या होम फोल्डरमध्ये ठेवा. ‘एमएनटी स्लॅश सी’खाली ठेवलात तर ती पुन्हा विंडोजचीच डिस्क झाली. डॉकरचंही (ॲप कंटेनर नावाच्या स्वतंत्र डब्यात चालवणारं साधन) तसंच: फोल्डर बाहेरून माउंट करून कंटेनर चालवला तर केसची चूक झाकलीच जाते, डॉकरफाइलमधल्या कॉपीनं इमेज बनवलीत तर ती पकडली जाते. विंडोज १० च्या २०१८ मधल्या १८०३ आवृत्तीपासून एकेका फोल्डरला ‘एफएसयूटिल’च्या ‘सेट केस सेन्सिटिव्ह इन्फो’ कमांडनं केस बघायला लावता येतं. ते नव्या, रिकाम्या फोल्डरवर लावा, आधीपासून आत असलेल्या फोल्डरांवर ते आपोआप पसरत नाही. मॅकवर डिस्क युटिलिटीतून केस बघणारा वेगळा एपीएफएस व्हॉल्यूम दोन मिनिटांत होतो. सबंध मॅक तसा फॉरमॅट करू नका, काही सॉफ्टवेअर त्यावर बिघडतात.

गिट अद्ययावत ठेवा, हे मी काकुळतीनं सांगतो, कारण इथे प्रश्न बिल्डपुरता राहत नाही. डिसेंबर २०१४ मध्ये उघड झालेल्या दोषात रेपोमध्ये ‘डॉट गिट’ हे नाव वेगळ्या केसमध्ये ठेवून विंडोज आणि मॅकवर तुमच्या खऱ्या डॉट गिट फोल्डरमधली कॉन्फिग बदलता येत होती. तो २.२.१ मध्ये दुरुस्त झाला. मे २०२४ मध्ये पुन्हा, सबमॉड्यूल (रेपोतला दुसरा रेपो) आणि सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे नेणारा दुवा) वापरून, नुसत्या क्लोननं परका कोड चालवता येईल असा दोष निघाला, तो २.४५.१ मध्ये बंद केला. दोन्हींचं मूळ हेच, केस न बघणारी डिस्क. लॅबमधल्या मशीनवर गिट कोणत्या साली बसवलंय ते ‘गिट --व्हर्जन’ टाकून एकदा बघाच.

नावांचा नियम म्हणाल तर मी टीमला एकच सुचवतो: फाइल आणि फोल्डर सगळं स्मॉल, शब्दांमध्ये हायफन. कंपोनंटचं नाव कोडमध्ये कॅपिटलच राहू दे, फाइलचं नाव ‘प्रॉडक्ट-कार्ड’ असलं म्हणून रिॲक्टचं काही अडत नाही. जावासारख्या भाषेत पब्लिक क्लास आणि फाइल यांचं नाव जुळावंच लागतं, तिथे भाषेचा नियम पाळायचा. इतरत्र प्रत्येकानं आपापल्या आवडीनं कॅपिटल टाकणं बंद करा.

दुरुस्तीनंतर, इतरांच्या मशीनवर

तुम्ही नाव नीट केलंत, पुश केलंत, सर्व्हर हिरवा झाला. टीममधल्या दुसऱ्यानं पुल केलं आणि त्याच्या विंडोजवर फोल्डर जुन्याच केसमध्ये दिसतंय, असं होऊ शकतं. जुन्या फोल्डरमध्ये गिटइग्नोअर केलेली एखादी फाइल उरलेली असली की फोल्डर पुसलं जात नाही, आणि नव्या फाइली त्याच जुन्या नावाखाली येऊन बसतात. त्याचं ‘गिट स्टेटस’ स्वच्छ असतं, पण व्हीएस कोड ऑटो-इम्पोर्ट करताना डिस्कवरचं जुनं नाव लिहून देतो आणि दोन दिवसांनी तीच लाल ओळ परत. त्यानं काम कमिट करून फोल्डर नव्यानं क्लोन करणं सगळ्यांत सरळ. तेवढा वेळ नसेल तर एक्स्प्लोररमध्येच फोल्डरला आधी भलतं नाव आणि मग बरोबर नाव द्यावं, इंडेक्स आधीच बरोबर असल्यानं गिटला त्याचं काही वाटत नाही.

त्यानंतरही व्हीएस कोड ‘नावात फक्त केसिंगचा फरक आहे’ असं लाल दाखवत राहिला तर तो जुना पाथ धरून बसलाय. उघडे टॅब बंद करा, कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून ‘रीस्टार्ट टीएस सर्व्हर’ निवडा, आणि फाइल डावीकडच्या यादीतून पुन्हा उघडा.